कासवाच्या पाठीवरचे जग आणि त्याचे रसिक

वाङ्मयेतिहासात ग्रंथाला, ग्रंथकाराला आणि काळाला स्थान असते. वाचकाला ते क्वचितच मिळते. एकेकट्या कादंबरीच्या बाबतीत ही उपेक्षा एक वेळ खपून जाते. परंतु तीन-तीन दशके चाललेल्या कादंबरीमालिकेचा विचार करताना ती खपत नाही. अशी मालिका वाचकासोबत वाढते आणि तिच्या घडणीत त्याचाही हात असतो. इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) यांची ‘डिस्कवर्ल्ड’ ही विनोदी अद्भुतिका या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९८३ साली ‘द कलर ऑफ मॅजिक’ या कादंबरीने ती सुरू झाली आणि लेखकाच्या निधनानंतर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द शेफर्ड्‌स क्राउन’ने संपली. बत्तीस वर्षांत एकंदर ४१ कादंबऱ्या झाल्या.

या मालिकेतील जग तबकडीसारखे सपाट आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर तोललेले असून ते हत्ती एका महाकाय कासवाच्या पाठीवर उभे आहेत. भारतीय वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. कूर्मावतार आणि दिग्गज त्याच्या परिचयाचे असतात. महाराष्ट्रातील देवळांत सभामंडपाच्या फरशीवर कोरलेले कासव ओलांडूनच आपण गाभाऱ्याकडे जातो. युरोपात मात्र ही कल्पना पौर्वात्यांच्या भोळेपणाचा नमुना म्हणून पोहोचली. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक या तत्त्वज्ञाने एका भारतीयाचा दाखला दिला आहे. पृथ्वी हत्तीवर, हत्ती कासवावर, येथवर तो उत्तरे देतो. पण कासव कशावर, या प्रश्नापाशी अडखळतो. प्रॅचेट यांनी हे चित्र हिणवण्यासाठी घेतलेले नाही. त्यांनी ते शब्दशः खरे मानले आणि मग अशा जगात माणसे कशी राहतील, कर कसे भरतील, वर्तमानपत्र कसे काढतील, हे पाहिले. तेथील कासव अवकाशात पोहत असते, त्यामुळे ते कशावर उभे आहे हा प्रश्नच उरत नाही. ‘स्मॉल गॉड्‌स’ (१९९२) या कादंबरीत तर गॅलिलिओच्या कथेची उलटापालट आहे: धर्मपीठ जग गोल असल्याचे बजावते आणि पाखंडी लोक दबक्या आवाजात कासवाची ग्वाही देतात.

आरंभीच्या दोन कादंबऱ्या प्रचलित अद्भुतिकांचे विडंबन करणाऱ्या होत्या. विडंबनावर दोन पुस्तके निभावतात. चाळीस निभावत नाहीत. पुढे लेखकाचे लक्ष विडंबनाकडून वस्तीकडे वळले. आंख-मॉरपॉर्क हे गलिच्छ, गजबजलेले, व्यापारी शहर उभे राहिले. तेथील पोलिसांच्या कथांचा एक पदर ‘गार्ड्‌स! गार्ड्‌स!’पासून (१९८९) सुरू झाला. डोंगराळ मुलखातील चेटकिणींचा दुसरा, साक्षात मृत्यूच्या पात्राचा तिसरा. वाचक यांपैकी कोणत्याही पदरापासून आत शिरू शकतो. आपला लाडका पदर कोणता आणि नव्या माणसाने कोठून वाचायला घ्यावे, याविषयी रसिकांचे वाद या रचनेतूनच निर्माण झाले. आपल्याकडे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या सुदामा-बंडूनाना-पांडूतात्यांविषयी किंवा चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंविषयी वाचकाला जी ओळखीच्या घरची आपुलकी वाटत आली, तिच्याच जातीचा हा लळा आहे.

या रसिकांनी केवळ वाचून स्वस्थ बसायचे नाकारले, ही त्यांच्या इतिहासातील महत्त्वाची गोष्ट. प्रॅचेट यांच्या गद्यात शेक्सपियरपासून चित्रपटांपर्यंत असंख्य संदर्भ दडलेले असतात, आणि शिवाय तळटिपा! पंडिती लेखनाचे हे अवजार त्यांनी विनोदासाठी राबविले. १९९०च्या दशकात वाचकांनी एकमेकांना विचारून हे संदर्भ उकलले आणि त्यांचे विस्तृत संकलन सिद्ध केले. मूळ ग्रंथाभोवती टीका रचण्याची परंपरा आपल्याला ठाऊक आहे. येथे विनोदी कादंबरीला हौशी टीकाकार लाभले. स्टीफन ब्रिग्ज या नाट्यवेड्या वाचकाने कादंबऱ्यांची नाट्यरूपे केली आणि हौशी रंगमंचावर आणली. आंख-मॉरपॉर्कचा नकाशा काढता येणार नाही, अशी खुद्द लेखकाची समजूत होती. ब्रिग्ज यांनी पुस्तकांतील प्रत्येक गल्लीचा उल्लेख टिपून ती खोटी ठरविली, आणि १९९३ मध्ये नकाशा प्रसिद्ध झाला. पुढील लेखनात लेखकाला आपल्याच शहरातले रस्ते या नकाशाच्या आधारे पाहता येऊ लागले. १९९६ मध्ये मँचेस्टर येथे रसिकांचे पहिले संमेलन भरले. २००२ मध्ये सॉमरसेट परगण्यातील विंकँटन या गावाने चक्क आंख-मॉरपॉर्कशी जुळ्या शहराचे नाते जोडले, आणि २००९ मध्ये तेथील नव्या वसाहतीतील रस्त्यांना कादंबऱ्यांतील रस्त्यांची नावे मिळाली.

विद्वत्समीक्षा मात्र दीर्घकाळ या सगळ्याकडे पाठ फिरवून होती. विनोद आणि अद्भुत या दोन्हींना आपण बालवयाशी जोडतो. दोन्ही एकत्र आले की उपेक्षा दुप्पट होते. २००३ मध्ये बीबीसीने ब्रिटिश वाचकांकडून त्यांच्या आवडत्या कादंबऱ्यांचा कौल घेतला. पहिल्या शंभरांत पाच पुस्तके असलेले लेखक दोनच होते: चार्ल्स डिकन्स आणि टेरी प्रॅचेट. ही जोडी बोलकी आहे. डिकन्सही हप्त्याहप्त्याने लिहिणारा, शहराच्या तळाशी उतरणारा, हसवता हसवता संतापणारा लेखक होता. लोकप्रियता हा श्रेष्ठत्वाचा पुरावा नव्हे, हे खरे. पण ती अभ्यास टाळण्याचे कारणही होऊ शकत नाही.

या विनोदात संताप किती आहे, हे ‘मेन ॲट आर्म्‌स’मधील (१९९३) एका उताऱ्यावरून कळते. सॅम व्हाइम्स हा पोलिस अधिकारी बुटांचा हिशेब मांडतो. श्रीमंत माणूस ५० डॉलरचे बूट घेतो आणि ते वर्षानुवर्षे वापरतो. गरिबाला १० डॉलरचेच परवडतात. ते एकदोन हंगामांत फाटतात. दहा वर्षांत गरिबाचा खर्च अधिक होतो आणि पाय तरी ओलेच राहतात. २०२२ मध्ये ब्रिटनमधील जॅक मन्रो यांनी गरिबांच्या वाट्याची महागाई मोजण्यासाठी निर्देशांक योजला, तेव्हा प्रॅचेट यांच्या वारसांच्या संमतीने त्याला व्हाइम्सच्या बुटांचेच नाव दिले.

मृत्यू हे पात्र जवळजवळ प्रत्येक कादंबरीत येते. हाडांचा सापळा, हाती विळा, बोलणे अवतरणचिन्हांवाचून आणि मोठ्या लिपीत. ही युक्ती देवनागरीत उतरवणे अवघड, कारण आपल्याकडे लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही. हा मृत्यू क्रूर नाही. त्याला मांजरे आवडतात आणि माणसे त्याला कोड्यात टाकतात. आपल्यालाही असाच मृत्यू भेटावा, अशा आशयाची पत्रे मरणासन्न वाचकांकडून येत असल्याचे प्रॅचेट यांनी नमूद केले आहे. हसण्यासाठी हाती घेतलेले पुस्तक वाचकाला कोठवर सोबत करते, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

डिसेंबर २००७ मध्ये आपल्याला अल्झायमरचा एक विरळा प्रकार जडल्याचे प्रॅचेट यांनी जाहीर केले. पुढल्या वर्षी त्यांनी संशोधनासाठी दहा लक्ष डॉलर दिले, आणि रसिकांनी तेवढीच रक्कम आपण उभी करू म्हणून मोहीम काढली. ‘नाइट वॉच’मध्ये (२००२) काही माणसे एका फसलेल्या उठावातील मृतांसाठी दरवर्षी २५ मे रोजी लायलॅकचा तुरा लावतात, रसिकांनी तो दिवस आणि ते फूल आपल्या लेखकासाठी स्वीकारले. ‘गोइंग पोस्टल’मध्ये (२००४) मनोऱ्यांवरून संदेश पाठविणारे कामगार आपल्या मृत सोबत्याचे नाव सतत फिरते ठेवतात. १२ मार्च २०१५ रोजी प्रॅचेट गेले, तेव्हा वाचकांनी संगणकांच्या अदृश्य संदेशांत त्यांचे नाव त्याच खुणेसह गुंफले. तर्पणातील नामोच्चार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कृतीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. लेखकाची स्मृती विझत गेली, आणि स्मरणाचे काम वाचकांनी अंगावर घेतले.

उरतो मालिकेच्या अंताचा प्रश्न. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३ पासून छापलेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त अमर अय्यारच्या गमतीजमतींसह दास्तान लांबतच गेली, मुहम्मद हुसेन जाह यांनी सुरू केलेले काम अहमद हुसेन कमर यांनी पुढे नेले. तेथे कथा परंपरेची होती. ‘डिस्कवर्ल्ड’ मात्र एका माणसाच्या आवाजाची निर्मिती होती. कन्या रिआना यांनी मालिका पुढे चालविणार नसल्याचे सांगितले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये लेखकाच्या इच्छेनुसार अपूर्ण लेखन असलेली संगणकाची तबकडी वाफेच्या रोलरखाली चिरडण्यात आली. अभ्यासकाला याची हळहळ वाटेल; मलाही वाटते. पण रसिकांनी बहुतांशी तो निर्णय मान्य केला. नकाशा, नाटके, टिपा, रस्त्यांची नावे त्यांच्यापाशी होतीच. ‘डिस्कवर्ल्ड’चा इतिहास लिहिताना ४१ कादंबऱ्यांच्या यादीशेजारी या सामग्रीचीही नोंद करावी लागेल, आणि मराठीतील विनोदी मालिकांच्या वाचकांचा असाच मागोवा कोणी घेतला, तर आपल्या वाङ्मयेतिहासातील एक रिकामी जागा भरून निघेल.