हॅरी पॉटर आणि चेटकाचा आक्षेप

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेला (पहिले पुस्तक १९९७) अमेरिकेतील काही सनातनी ख्रिस्ती गटांनी कडाडून विरोध केला. आधार बायबलचा, ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या १८व्या अध्यायात चेटूक निषिद्ध ठरविले आहे. सी. एस. लुइस यांच्या नार्नियातही चेटकीण आहेच. पण लेखक श्रद्धाळू ख्रिस्ती, म्हणून अनेकांनी तिला अभय दिले! न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो येथे तर ३० डिसेंबर २००१ रोजी पुस्तकांची होळी झाली. आर्कान्सातील सीडरव्हिल येथे शालेय ग्रंथालयातून ही पुस्तके नेण्यास पालकांची लेखी परवानगी सक्तीची झाली. एका विद्यार्थिनीच्या पालकांनी दावा लावला. परवानगीच्या अटीने वाचणाऱ्या मुलावर कलंकाचा शिक्का बसतो, असे सांगून न्यायालयाने २००३ मध्ये पुस्तके पुन्हा खुल्या कपाटात ठेवण्याचा आदेश दिला.