मीटरने मोजलेली गोष्ट

फ्रेंचमध्ये मधल्या लांबीच्या चित्रपटाला ‘म्वायँ मेत्राज’ म्हणतात. म्वायँ म्हणजे मध्यम आणि मेत्राज म्हणजे मीटरमध्ये भरलेली लांबी, अगदी कापडाच्या दुकानात मोजतात तशी! फिल्म ही मोजून घ्यायची फीतच होती ना. त्या हिशेबाने ३५ मिलिमीटरची १,६०० मीटर फीत, म्हणजे सुमारे ५८ मिनिटे, ओलांडली की फ्रान्समध्ये चित्रपट ‘लाँ मेत्राज’, पूर्ण लांबीचा, ठरायचा. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) सुमारे ३,७०० फुटांचा, म्हणजे साधारण ११३० मीटर. या पट्टीने तो आखूडच ठरला असता! फ्रेंच दिग्दर्शक लामोरिसचा ‘लाल फुगा’ (१९५६) ३४ मिनिटांचा, तरी पटकथेचे ऑस्कर घेऊन गेला. ऑस्करवाले मात्र मधले काही मानत नाहीत; ४० मिनिटांपर्यंत लघुपट, पुढे थेट पूर्ण चित्रपट.

आता फीत गेली, फाइल आली. मीटर शब्दापुरता उरला. आपल्या ‘चित्रपटा’तला ‘पट’ही मुळात कापडच. लघुपट आहे, माहितीपट आहे, पण पाऊण तासाच्या गोष्टीला मराठीत रुळलेले नाव नाही. मी तूर्त ‘मध्यमपट’ म्हणतो. कानाला जरा सरकारी वाटतो खरा. याहून बरा शब्द सुचला तर जरूर कळवा.