गव्हात हरभरा किंवा जवस असेल, तर तण कसे आवरायचे?

धान कापून झाले की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या अनेक बांध्यांमध्ये रब्बीची पेरणी होते. जिथे तलावाचे, बोडीचे किंवा विहिरीचे पाणी मिळते तिथे गहू. जिथे फक्त ओल असते तिथे हरभरा, जवस, लाखोळी. शेत लहान असले की ही पिके एकमेकांच्या शेजारी येतात. कधी एकाच शेतात ओळींनी, तर कधी बी मिसळूनही पेरली जातात. गहू-हरभऱ्याच्या अशा मिश्र पेऱ्याला शेजारच्या मध्य प्रदेशात ‘बिर्रा’ असे नावच आहे.

अशा शेतात तणाचा प्रश्न निव्वळ गव्हापेक्षा वेगळा असतो. जे औषध गव्हातले तण मारते, तेच औषध हरभराही मारते.

असे का होते?

गहू हे अरुंद पानाचे, म्हणजे गवताच्या कुळातले पीक. चंदनबटवा (बथुआ), हिरनखुरी, रानमेथी, पिवळा धोत्रा ही त्यातली नेहमीची तणे रुंद पानांची. टू-फोर-डी आणि मेटसल्फ्युरॉन मिथाईल ही गव्हात वापरली जाणारी तणनाशके रुंद पानांच्या वनस्पती मारतात आणि गव्हाला सोडतात.

पण हरभरा, जवस, लाखोळी, मोहरी हीसुद्धा रुंद पानांचीच पिके आहेत. औषधाला चंदनबटवा आणि हरभरा यांत फरक कळत नाही. टू-फोर-डी पडले की हरभऱ्याचे शेंडे पिळवटतात, पाने आक्रसतात, आणि पीक बहुधा सावरत नाही. म्हणजे एका दुपारच्या फवारणीत घरची डाळ जाऊ शकते.

शेजारच्या शेतालाही धोका

टू-फोर-डीचे बारीक थेंब वाऱ्याबरोबर धुऱ्यापलीकडे जातात. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या कापसाच्या तालुक्यांत हे विशेष लक्षात ठेवावे लागते, कारण कापूस या औषधाला फार नाजूक आहे. ज्या पंपाने टू-फोर-डी फवारले, तो नीट न धुता कापसावर किंवा हरभऱ्यावर कीटकनाशकासाठी वापरला, तरी पीक बिघडते. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणे हाच खात्रीचा उपाय.

तण काढण्याची खरी वेळ कोणती?

गव्हात पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस महत्त्वाचे असतात. या काळात तण वाढले तर पाणी, खत आणि उजेड तेच घेते. नंतर निंदण केले तरी झालेले नुकसान भरून येत नाही. हरभऱ्यातही पहिला महिना-दीड महिनाच निर्णायक असतो.

अडचण अशी की धानपट्ट्यात नेमक्या याच दिवसांत धानाची मळणी चालू असते आणि मजूर मिळत नाहीत. म्हणून मिश्र पिकात तणाचा विचार पेरणीच्या आधीच करावा लागतो.

पेरणीपूर्वी

• पाणी आणि वेळ हाताशी असेल तर शेत ओलवून तण उगवू द्यावे आणि वखराच्या पाळीने मोडून मग पेरावे. पहिली खेप अशीच संपते. मात्र यात आठ-दहा दिवस जातात. धान उशिरा निघाले असेल तर गव्हाची पेरणी आणखी लांबवणे परवडत नाही.

• बी चाळून घ्यावे. घरच्या बियाण्यात तणाचे बी मिसळलेले असते. मागच्या वर्षी गळलेली लाखोळीही गव्हात तणासारखीच उगवते.

• शेणखत पूर्ण कुजलेले असावे. अर्धवट कुजलेल्या खतातून तणाचे बी शेतात येते.

• बी मिसळून फेकण्यापेक्षा गहू आणि हरभरा वेगवेगळ्या ओळींत किंवा पट्ट्यांत पेरावा. ओळी असल्या तर कोळपे चालते. फेकलेल्या पिकात फक्त खुरपे चालते.

दोन्ही पिकांना चालणारे औषध आहे का?

आहे, पण ते उगवणीपूर्वीचे. पेंडिमिथॅलीन हे तणनाशक गहू आणि हरभरा या दोन्ही पिकांसाठी शिफारशीत आहे. पेरणीनंतर, पीक आणि तण उगवण्याआधी, साधारण दोन दिवसांच्या आत ते ओल्या जमिनीवर फवारतात. ३० टक्के तीव्रतेचे औषध असेल तर हेक्टरी सुमारे ३.३ लिटर, म्हणजे एकरी साधारण १.३ लिटर, भरपूर पाण्यातून लागते. डब्यावरचे प्रमाण मात्र आधी वाचावे.

दोन गोष्टींवर त्याचा परिणाम अवलंबून असतो. जमिनीत ओल हवी आणि ढेकळे नकोत. धानाच्या बांधीतली भारी जमीन नांगरली की मोठी ढेकळे निघतात आणि औषधाचा थर सलग बसत नाही. शिवाय बी चार-पाच सेंटिमीटर खोल असावे. वर फेकलेल्या बियाण्याला हे औषध इजा करू शकते. उभ्या धानात बी फेकून घेतलेल्या लाखोळीत ही पद्धत बसत नाही.

पीक उगवल्यानंतर

रुंद पानांच्या तणासाठी मिश्र पिकात हातच उरतात. पेरणीनंतर २० ते २५ दिवसांनी पहिली कोळपणी किंवा निंदण आणि गरज पडल्यास ४० दिवसांच्या सुमारास दुसरे. गव्हाला पहिले महत्त्वाचे पाणी १८ ते २१ दिवसांनी दिले जाते. त्यानंतर वाफसा येताच निंदण केले तर तण मुळासकट निघते.

रानओटासारख्या गवतवर्गीय तणांवर गव्हात क्लोडिनाफॉप वापरतात. पण सोबत दुसरे पीक असेल तर कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेतल्याशिवाय ते वापरू नये.

उपटलेला कोवळा चंदनबटवा भाजीला आणि जनावरांना चालतो. तणनाशक फवारलेल्या शेतातला मात्र खाऊ नये, घालू नये. एकेक झाड हजारो बिया टाकते, म्हणून फुलावर येण्याआधीच ते काढणे महत्त्वाचे.

मग निव्वळ गहूच पेरावा का?

तणनाशक वापरायला निव्वळ गहू सोपा, हे खरे. पण एकच पीक आणि एकच औषध वर्षानुवर्षे वापरण्याचेही दुष्परिणाम आहेत. हरियाणात धानानंतर गहू घेणाऱ्या भागात गुल्लीदंडा नावाच्या तणावर आयसोप्रोट्युरॉन हे औषध १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चालेनासे झाले. दरवर्षी तेच फवारल्याने औषधाला दाद न देणारी झाडे उरली आणि वाढली. पिकांची फेरपालट हा त्यावरचा एक उपाय होता.

मिश्र पिकात एक पीक हुकले तर दुसरे हाती लागते आणि हरभरा, लाखोळी जमिनीला नत्रही देतात. त्याची किंमत म्हणजे निंदणाची एक-दोन पाळी. ती मजुरी परवडत नसेल तर गहू आणि हरभरा वेगवेगळ्या बांध्यांत घेणे बरे.

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे विभागीय संशोधन केंद्र चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीला आहे. सिंदेवाही आणि गडचिरोलीजवळ सोनापूर इथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. फवारणीपूर्वी आपल्या शेतात कोणती पिके एकत्र आहेत, हे तिथे सांगून औषध विचारावे. दुकानात नुसते ‘गव्हाचे तणनाशक’ मागितले, तर मिळणारे औषध गव्हाचेच असेल, हरभऱ्याचे नाही.