बंद वाट आणि उघडे दार



स्नेहाची किंमत सहवासात कळत नाही, ती वियोगात कळते, हे वाक्य मी शिक्षकी पेशात असताना विद्यार्थ्यांकडून कित्येकदा वहीत लिहवून घेतले. परंतु त्याचा अर्थ मला स्वतःला उमगण्यास वयाची साठी उलटावी लागली. त्या अनुभवाची व त्यामागील इतिहासाची नोंद आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत राहावी, एवढ्याच हेतूने हे चार शब्द.

नेवासे तालुक्यातील सोनईजवळचे शनिशिंगणापूर आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. येथे श्रीशनिदेवाची सुमारे साडेपाच फूट उंचीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. वर छप्पर नाही. देवास छप्पर नाही, तशी गावातील घरांस परंपरेने दारे व कुलपे नाहीत. २०११ साली येथे बँकेची शाखा निघाली, तिनेही कुलूप न लावण्याच्या या रिवाजाचा मान राखला. आख्यायिका अशी की, पुरात वाहून आलेली ही शिळा कोणाच्याने हलेना. अखेर नात्याने सख्खे मामा-भाचे असलेल्या दोघांनी हात लावला, तेव्हाच ती उचलली गेली. म्हणून मामा-भाच्यांनी जोडीने दर्शन घ्यावे, असे भाविक मानतात. एकट्यास न पेलणारे ओझे नात्याने पेलते, हाच मला या कथेचा भावार्थ वाटतो.

माणसामाणसांत अंतर पाडणारी संकटे आपल्या प्रदेशास नवी नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला व पुढे देशावर पसरला. लोक गावठाण सोडून रानात झोपड्या घालून राहिले. १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांविषयीचा कायदा केला. त्याच वर्षी १० मार्च रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात देह ठेवला. पुढे १९१८ साली इन्फ्लुएंझा आला. त्यास आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. माझी आजी सांगत असे की, साथ ओसरल्यावर माणसे प्रथम आपले घर झाडीत बसली नाहीत. शेजारच्या घरात कोण उरले आहे, हे पाहण्यास गेली.

तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत राज्यात पुन्हा लागू झाला. शिंगणापूरचे दर्शन बंद झाले. ज्या गावाच्या घरांस दारे नाहीत, त्या गावाची वाटच बंद झाली! पूजेच्या ताटांची दुकाने मिटली, रस्त्याकडेच्या उसाच्या रसवंत्या ओस पडल्या. त्या वर्षी १ जुलैच्या आषाढीस ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुकाही एस. टी. च्या गाडीने पंढरीस गेल्या. १६ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या पाडव्यास, राज्यातील मंदिरे उघडली. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर रोजी, घटस्थापनेस, परत उघडली.

त्या दुसऱ्या लाटेत माझ्या एका शाळासोबत्याची पत्नी वारली. तो सोनईच्या बाजूस राहतो. आमच्या घरापासून जेमतेम चार कोस. चाळीस वर्षांत एकमेकांच्या घरचे एकही कार्य आम्ही चुकविले नव्हते. वहिनींच्या हातचे मी कित्येकदा जेवलो होतो. परंतु त्यांच्या अंत्यविधीस मला जाता आले नाही, दहाव्यासही नाही. दूरध्वनी केला, तर दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना. पुढे निर्बंध सैल झाले, तरी मी गेलो नाही. खरे सांगतो, त्यानंतर माझ्यापाशी लाजेखेरीज दुसरे कारण नव्हते.

घटस्थापनेनंतरच्या पहिल्या शनिवारी, ९ ऑक्टोबरला, त्याचाच निरोप आला, “मास्तर, मी शिंगणापुरात आहे. येतोस ना?” मी गेलो. मुखपट्टी असूनही डोळ्यांवरून ओळख पटली. मी क्षमा मागू लागलो, तो म्हणाला, “आधी दर्शन घे, मग बोलू.” नंतर एका रसवंतीच्या बाकावर आम्ही दोन तास बसलो. वहिनींच्या अखेरच्या दिवसांची सर्व हकीगत त्याने सांगितली. पाच-सहा महिने हे कोणापुढे बोलावे, असे माणूसच त्यास लाभले नव्हते. मी सांत्वनास गेलो नव्हतो. त्यानेच मला बोलावून माझे ओझे उतरविले. हे त्याचे उपकार मी जन्मभर मानीन.

घरास दार नसणे हे मोठेपण खरे. परंतु त्या घरी कोणी येणारे असेल, तरच त्यास शोभा. त्या दोन वर्षांत आपल्या ज्ञातीतील ज्या घरांत दुःख झाले, त्यांतील कित्येक घरी आपण दुखवट्यास गेलो नाही. तेव्हा जाण्यास बंदी होती. पुढे आपल्यास संकोच वाटला. या वर्षीच्या स्नेहसंमेलनास येण्यापूर्वी प्रत्येकाने अशा एका तरी घरी जाऊन यावे, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे. अशा भेटीस उशीर झाला, म्हणून ती व्यर्थ ठरत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

असो. श्रीशनिदेव सर्वांस आयुरारोग्य देवो.