नाटकी झगा

‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये (१९४९) एकाच घराण्यातील आठ व्यक्ती रंगवून हसविणारे ॲलेक गिनेस, रॉबर्ट हेमर यांच्याच ‘फादर ब्राऊन’मध्ये (१९५४) चेस्टरटनचे धर्मगुरू झाले. पुढे व्हिडिओमुळे हा विनोदी चित्रपट घरबसल्या पाहता येऊ लागला. परंतु त्याच्या चित्रीकरणकाळातील एक प्रसंग पडद्यावर नाही.

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात एका संध्याकाळी गिनेस झग्यातच मुक्कामी परतत होते. एका अनोळखी मुलाने ‘फादर’ म्हणून त्यांचा हात धरला व बडबडत वाट चालू लागला. आपले मोडके फ्रेंच ऐकून मूल बिचकेल, म्हणून गिनेस गप्पच राहिले. गिनेस तेव्हा कॅथलिक नव्हते. झगा नाटकी, विश्वास मात्र खरा. (आम्हां धर्मगुरूंना झगा अंगवळणी पडतो, हीच अडचण!) पुढे मुलाला पोलिओ झाला, तेव्हा ते वाटेवरच्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसू लागले. मार्च १९५६ मध्ये त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला.