नांदावयास जाण्याचा हुकूम : रखमाबाई खटला ते हिंदू विवाह कायद्याचे कलम ९

प्रस्तावना
वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा मराठी समाजात ‘नांदण्याचा दावा’ म्हणून ओळखला जातो. हा दावा परंपरागत हिंदू विवाहसंस्थेचा भाग असावा, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबई उच्च न्यायालयात १८८४ ते १८८८ या काळात गाजलेल्या रखमाबाई खटल्याचा इतिहास या समजास छेद देतो. या खटल्याच्या आधारे सदर उपायाचे मूळ आणि त्याचे बदलत गेलेले स्वरूप तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दाव्याची पार्श्वभूमी
रखमाबाईंचा जन्म १८६४ मध्ये झाला. वडील जनार्दन पांडुरंग यांच्या निधनानंतर आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. सखाराम हे सुधारणावादी गृहस्थ होते. अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. परंतु त्या माहेरीच राहिल्या. प्रार्थना समाज आणि आर्य महिला समाज यांच्या सभांतून, तसेच वाचनातून त्यांचे विचार घडले. दादाजींनी १८८४ मध्ये पत्नीचा ताबा मागितला, तेव्हा त्यांनी नांदावयास जाण्याचे नाकारले. संमती देण्याचे वय नसताना झालेला विवाह आपल्यावर बंधनकारक नाही, ही त्यांची भूमिका होती.

न्यायालयीन प्रवास
न्या. पिन्हे यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी दावा फेटाळला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो इंग्लंडमधून येथे आणला गेला, असे त्यांचे प्रतिपादन होते. पतिपत्नी कधी एकत्र नांदलेच नव्हते. तेव्हा ‘पुनः’स्थापना कशाची, हाही मुद्दा त्यांनी ग्राह्य धरला. वस्तुतः हा उपाय इंग्लंडच्या धर्मन्यायालयांत जन्मला होता. विशेष म्हणजे असा हुकूम न पाळणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने १८८४ मध्येच, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी, रद्द केली. हिंदुस्थानात मात्र १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार ती शिक्षा कायम होती.

सरन्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट व न्या. बेली यांनी १८८६ मध्ये हा निर्णय फिरवून दावा पुन्हा सुनावणीस पाठविला. त्यानंतर ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना एका महिन्यात पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्यांच्या वकिलांत होते, तर लोकमान्य टिळकांनी त्यांच्या भूमिकेवर कडाडून टीका केली. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांच्या मोबदल्यात दादाजींनी तडजोड केली. कायद्याचा प्रश्न मात्र अनिर्णीतच राहिला. रखमाबाई पुढे इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या व त्यांनी सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ सेवा केली.

कारावासापासून घटस्फोटापर्यंत
खटल्याने पेटविलेल्या वादातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा पुढे आला. कारावासाची तरतूद १९२३ मध्ये वगळण्यात आली. मालमत्तेच्या जप्तीची राहिली. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ ने हा दावा कायम ठेवला. इंग्लंडने मात्र १९७० मध्ये तो पूर्णतः रद्द केला.

आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने टी. सरिता खटल्यात १९८३ मध्ये कलम ९ घटनाबाह्य ठरविले. तथापि सरोज राणी खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा २०१७ चा निर्णय आल्यानंतर, २०१९ मध्ये या कलमास पुन्हा आव्हान देण्यात आले.

दरम्यान दाव्याचा व्यवहारातील उपयोग पालटला आहे. हुकूमनाम्यानंतर एक वर्ष सहजीवन सुरू न झाल्यास दोघांपैकी कोणासही घटस्फोट मागता येतो. त्यामुळे एकत्र आणण्यासाठी असलेला दावा विभक्त होण्याची पायरी बनतो. पोटगीच्या मागणीस शह देण्यासाठीही तो लावला जातो. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा १० जानेवारी २०२५ चा निर्णय महत्त्वाचा आहे. पतीने असा हुकूमनामा मिळविला आणि पत्नी नांदावयास गेली नाही, एवढ्याच कारणाने तिची पोटगी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

निष्कर्ष
गिरगाव ते लालबाग या परिसरातील दांपत्यांचे असे दावे आज वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात चालतात. तेथे नांदण्यास नकार देणाऱ्या स्त्रीपुढे तुरुंगाची भीती उरलेली नाही. परंतु व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध सहजीवनाचा हुकूम राज्यसंस्थेने द्यावा काय, हा मूळ प्रश्न कायम आहे. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत कायद्याने हुकूमभंगाचे परिणाम सौम्य केले. हुकूम देण्याचा अधिकार सोडला नाही. परंपरेच्या नावाने या कलमाचे समर्थन करणाऱ्यांनी पिन्हे यांचे निकालपत्र अवश्य विचारात घ्यावे. नांदणे हे परस्पर संमतीवर उभे असते. रखमाबाईंनी न्यायालयापुढे मांडलेला मुद्दा हाच होता.