दीड किलोमीटर खालची खबर

हॉलिवूडच्या सिनेमात टेक्सास आलं की माळरानावर मान खालीवर करणारा तो पंप दिसतोच. गंमत म्हणजे खरा पंप तो नव्हेच! तो असतो विहिरीच्या तळाशी, आणि दोघांना जोडते पोलादी सळ्यांची लांबच लांब साखळी. दीड किलोमीटरची ही साखळी दर खेपेला हातभर ताणली जाते, वर थरथरतेही. त्यामुळे वरच्या टोकाला भार मोजून काढलेला आलेख वेडावाकडा येतो. पंप अर्धा रिकामा धडका मारतोय का, हे त्यातून ओळखणं म्हणजे निव्वळ अंदाज. अंदाज चुकला की सळी तुटायची.

1936 साली शेलच्या डब्ल्यू. ई. गिल्बर्टने भार नोंदवणारं यंत्र थेट खाली पंपापाशीच बसवलं. पंप भरलेला असेल तर आलेख जवळजवळ आयत, अर्धवट असेल तर एक कोपरा गायब. पण नोंद वाचायला सगळ्या सळ्या बाहेर काढा! रोज कोण करणार?

1966 मध्ये शेलच्याच सॅम गिब्ज आणि ए. बी. नीलीने वेगळाच रस्ता धरला. दालांबेरचं 1747 चं तारेच्या कंपनाचं समीकरण त्यांनी सळीला लावलं, वर घर्षणाची भर घातली. (एम-थ्रीत हेच घोकताना 'कशाला हवंय हे?' म्हणायचो आम्ही!) पोलादातून तरंग सेकंदाला साधारण 5 किलोमीटर जातो, म्हणजे तळाची धडक 0.3 सेकंदात वर. तिथे ती मिसळून जाते, पण हरवत नाही. वर भार आणि सळीची हालचाल मोजायची, कॉम्प्युटरने गणित उलटं सोडवायचं, की तळाचा आलेख हजर.

आता हेच गणित विहिरीपाशीच्या कंट्रोलरमध्ये चालतं. कोपरा गायब दिसला की तो मोटर थांबवतो, आणि विहीर भरायची वाट बघतो.